भोक पाडण्याची गोष्ट : जोर्वे ते कॉर्डलेस ड्रिल

संगमनेरला म्हाळुंगी नदी प्रवरेला मिळते. तेथून प्रवरेच्या काठाने पूर्वेकडे थोडे अंतर गेले की जोर्वे हे गाव लागते. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी या गावी उत्खनन केले. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी काढलेली चाकावरची भांडी येथे मिळाली. तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडीही याच गावची. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा अनेक ठिकाणी तशीच भांडी सापडली आणि महाराष्ट्रातल्या त्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. तिचा काळ साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० असा धरतात.

या उत्खननांच्या अहवालांत भांडी आणि कुऱ्हाडी यांनाच मोठी जागा मिळते. आपले लक्ष मात्र एका लहान वस्तूकडे आहे. ती म्हणजे दगडी मणी. अकीक, जास्पर यांचे मणी या वसाहतींतून मिळाले आहेत. अकीक काही दुरून आणावा लागत नाही. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो तयार होतो, दगड झिजला की सुटा होतो आणि नदीच्या गोट्यांत येऊन पडतो. आपण त्या सगळ्यांना मिळून गारगोट्या म्हणतो. पण मणी म्हणजे नुसता गुळगुळीत खडा नव्हे. त्याला आरपार भोक हवे, नाही तर तो ओवता येत नाही. आता अडचण पाहा. खनिजांच्या कठिणतेच्या मोज पट्टीवर अकीक ७ च्या जवळपास येतो आणि तांबे ३ च्या. म्हणजे त्या लोकांजवळ जो धातू होता, त्याची सळई कितीही फिरवली तरी अकिकावर ओरखडासुद्धा उठला नसता. मग भोक पाडले कशाने?

भोक पाडायला तीन गोष्टी लागतात. भोक ज्यात पाडायचे त्याहून कठीण, निदान तितकेच कठीण, असे टोक हवे. ते टोक फिरवायला काही तरी हवे. आणि ते दाबून धरायला हवे. ड्रिलचा सारा इतिहास या तीन गोष्टींत मावतो. दुकानात गेल्यावर आपला गोंधळ उडतो तो बहुधा यामुळे, की जाहिरात दुसऱ्या गोष्टीची असते आणि आपले काम अडलेले असते पहिल्या किंवा तिसऱ्या गोष्टीपाशी.

टोकाचा प्रश्न सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी फार कौशल्याने सोडवला होता. चन्हुदारो, धोलावीरा येथे त्यांची दगडी ड्रिलची टोके मिळाली आहेत. ज्या खास दगडाची ती आहेत त्याला, चन्हुदारोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून, 'अर्नेस्टाइट' हे नाव दिले गेले. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी असे टोक वापरून तांबड्या अकिकाला भोक पाडण्याचे प्रयोग केले. तेव्हा तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढी प्रगती होते असे दिसले. गणित आपणच करू. सहा सेंटिमीटर लांबीचा मणी म्हणजे २४ तासांचे काम. मोठे मणी तेरा सेंटिमीटरपर्यंतचे आहेत. म्हणजे ५२ तास. दिवसाला आठ तास धरले तर सहा दिवसांहून अधिक, आणि तेही केवळ भोकासाठी! त्या लांब मण्यांना राजाघरची वस्तू का मानले असेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट फिरवण्याची. बलुचिस्तानातल्या मेहेरगढच्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना पाडलेली भोके आढळली. ती ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीची आहेत आणि जिवंत माणसांच्या दाढांत पाडलेली आहेत, असे २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संशोधकांनी गारेचे टोक लावलेले कमानीचे ड्रिल बनवून पाहिले, तर तसे भोक एका मिनिटाच्या आत पडले. कमानीचे ड्रिल म्हणजे काय? एक सरळ दांडा, त्याच्या खालच्या टोकाला अणी, दांड्याभोवती धनुष्याच्या दोरीचा एक वेढा. धनुष्य पुढेमागे ओढले की दांडा गरगर फिरतो. खंबायतचे मणी करणारे कारागीर अजून हेच तंत्र वापरत आले आहेत. फक्त त्यांच्या अणीला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवलेल्या असतात.

ही कमान दिसते साधी, पण तिचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. धनुष्याची दोरी एका ओढीत ६० सेंटिमीटर सरकते आणि दांडा २ सेंटिमीटर जाड आहे असे समजू. दांड्याचा परीघ सुमारे ६.३ सेंटिमीटर. म्हणजे एका ओढीत साडेनऊ फेरे. सेकंदाला एक ओढ धरली तर मिनिटाला ५७० फेरे! आज घरगुती कॉर्डलेस ड्रिलवर दोन वेग असतात. सावकाश वेग मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांपर्यंत आणि जलद वेग १४००-१५०० पर्यंत. म्हणजे वेगाच्या बाबतीत आपण त्या मणीकारापेक्षा फार पुढे गेलेलो नाही. फरक एवढाच की कमानीचा दांडा एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरतो, त्यामुळे त्याची अणी दोन्ही अंगांनी कापणारी घासावी लागते.

आपल्या गावगाड्यातल्या सुताराकडे वाकस, पटाशी, रंधा, करवत यांच्या जोडीला असे भोक पाडायचे हत्यार असेच. त्याला सामता म्हणत. लोखंडी पाते बसवलेला दांडा, वर मोकळी फिरणारी मूठ, आणि कमान. कमान नसली तर दुसरा माणूस दोन्ही हातांनी दोरी ओढी. लहान भोकांसाठी हाताने पिळायचे गिरमिट. तिफणीपासून दरवाजाच्या चौकटीपर्यंतची भोके एवढ्यावर होत. स्क्रूचा प्रश्न फारसा येत नसे, कारण लाकडी सांधा खुंटी ठोकून पक्का करायची पद्धत होती. लाकडाचा स्क्रू ही तशी अलीकडची वस्तू आहे. इंग्लंडमध्ये जॉब आणि विल्यम वायट या भावांनी १७६० साली स्क्रू यंत्रावर कापण्याचे पेटंट घेतले, तोपर्यंत प्रत्येक स्क्रूचे आटे हाताने कानशीने पाडावे लागत. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला आपण 'स्टार' म्हणतो तो आकार तर हेन्री फिलिप्स यांच्या नावाने १९३६ साली पेटंट झाला. चपट्या खाचेतून ड्रायव्हर सारखा निसटे; फुलीत तो आपोआप मध्यभागी बसतो. मोटारींच्या कारखान्यांत यंत्राने स्क्रू पिळायचे होते, म्हणून ही फुली आली. हाताला तिची तेवढी निकड नव्हती.

विजेने ड्रिल फिरवण्याची कल्पना मोटार तयार होताच निघाली. मेलबर्न येथे आर्नो आणि ब्रेन या दोघांनी १८८९ साली विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी १८९५ मध्ये हातात धरता येईल असे ड्रिल केले. पण ते धरायला छातीचा जोर लागे. आज आपण ड्रिलची जी आकृती डोळ्यांसमोर आणतो, ती पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका, ती अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर या कंपनीच्या १९१७ च्या पेटंटातली आहे. पिस्तुलाचे साम्य योगायोगाचे नव्हे. कोल्ट पिस्तूल समोर ठेवूनच ती मूठ घडवली होती. एका हाताने धरायचे, त्याच हाताने चालू-बंद करायचे, आणि दाब मनगटातून सरळ अणीच्या रेषेत द्यायचा, हे सगळे त्या मुठीमुळे साधले. घरगुती वापरासाठीचे ड्रिल याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली बाजारात आणले. महाराष्ट्रात मुलुंडची रॅलीवुल्फ आणि १९७६ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला सुरू झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स या कंपन्यांनी ही यंत्रे आपल्याकडे बनवली.

आता वायर तोडण्याची पाळी. १९६१ साली ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरचे पहिले ड्रिल आणले. (संगमनेर महाविद्यालय सुरू झाले तेही याच वर्षी, दोन्हींचा संबंध काही नाही, पण काळ लक्षात ठेवायला बरे.) त्यात निकेल-कॅडमियमचे घट होते. हा घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्येच तयार केला होता; ड्रिलमध्ये यायला त्याला साठ वर्षे लागली. ताकद बेताचीच होती. तरीही त्याला एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. अंतराळात वायर कोठून आणणार? शिवाय तेथे न्यूटनचा तिसरा नियम फार कडक रीतीने लागू होतो. अंतराळवीराने बोल्ट उजवीकडे पिळला तर तो स्वतः डावीकडे फिरू लागेल. म्हणून जेमिनी मोहिमांसाठी हाताला जवळजवळ उलटा झटका न देणारा पाना याच कंपनीच्या साहाय्याने तयार झाला. पुढे चंद्रावर नेलेले बॅटरीचे ड्रिल १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी वापरले. जमीन इतकी घट्ट दबलेली निघाली की ठरलेली खोली गाठता गाठता त्यांची दमछाक झाली, आणि सुमारे २.४ मीटर लांबीचा नमुना बाहेर काढताना तर दोघांना जोर लावावा लागला. बॅटरीने दगा दिला नव्हता. अणीच्या पन्हाळींतून भुगा वर येत नव्हता, तेथे काम अडत होते.

ही चंद्रावरची अडचण मी मुद्दाम सांगितली, कारण घरातही नेमके तेच घडते.

घरात ड्रिलचे सर्वांत नेहमीचे काम कोणते? पडद्याची दांडी लावणे. दांडीचे आधार बसतात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत. आणि विटांच्या घरात खिडकीच्या डोक्यावर काय असते? लिंटेल, म्हणजे सिमेंट काँक्रीटची तुळई. बाकीची भिंत विटांची असली तरी आपले भोक नेमके काँक्रीटमध्ये येते. आपल्या भागात काँक्रीटची खडी काळ्या पाषाणाची. म्हणजे जोर्व्याच्या माणसापुढे जो प्रश्न होता, तोच थोड्याफार फरकाने खुर्चीवर चढलेल्या गृहस्थापुढे उभा राहतो. भुग्याचा रंग पाहिला तरी हे कळते. लाल भुगा आला तर वीट. अणी भरभर आत जाते. करडा-पांढरा भुगा आला तर काँक्रीट किंवा गिलावा. अणी जागच्या जागी फिरते, तापते आणि भुगा येतच नाही, तेव्हा समजावे की समोर खडीचा तुकडा आला आहे.

येथे नुसते फिरवून भागत नाही. काचेसारखा ठिसूळ दगड खरवडण्यापेक्षा ठोकून फोडणे सोपे जाते. गवंडी छिन्नीवर हातोडा मारतो आणि प्रत्येक ठोक्यानंतर छिन्नी थोडी फिरवतो, तेच काम यंत्राने करायचे. ते दोन तऱ्हांनी होते. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि अणी थरथरते. मिनिटाला तीस-चाळीस हजार ठोके, पण प्रत्येक ठोका क्षीण, आणि तो आपण किती दाबतो यावर अवलंबून. दुसरी तऱ्हा रोटरी हॅमरची. यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेने घण अणीवर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येकात दीड ते तीन ज्यूल ऊर्जा. विजेवरचे असे पहिले यंत्र बॉश कंपनीने १९३२ साली आणले. ज्याने दोन्ही वापरून पाहिले आहेत त्याला फरक विचारावा लागत नाही. अणीही वेगळी लागते, टोकाला टंग्स्टन कार्बाइडची टिकली असलेली. हा पदार्थ जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२६ साली 'विडिया' या नावाने विकायला काढला. त्या नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखा'. खंबायतच्या कारागिराची हिऱ्याची कणी आणि ही टिकली एकाच कामाच्या.

एक गैरसमज फार आढळतो, तो येथेच दूर करू. लोकांना वाटते की कॉर्डलेस ड्रिलचे चार्जिंग पुरत नाही म्हणून ते भिंतीत चालत नाही. हिशेब करू. वायरचे ६०० वॉटचे ड्रिल लिंटेलमधल्या एका भोकाला अर्धा मिनिट चालले, तर जास्तीत जास्त ५ वॉट-तास ऊर्जा लागते. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॉट-तास साठलेले असतात. म्हणजे सात भोकांपुरती ऊर्जा त्यात आहे. अडते ते ठोक्यापाशी. कॉर्डलेस ड्रिलवर हातोड्याचे चित्र असले तरी बहुतेकांत ती चकत्यांची थरथर असते. आणि 'इम्पॅक्ट ड्रायव्हर' नावाचे जे आखूड यंत्र मिळते, त्याचे ठोके तर फिरण्याच्या दिशेने बसतात. ते स्क्रू पिळायला उत्तम, भिंतीला मात्र निरुपयोगी. नावात इम्पॅक्ट असल्यामुळे पुष्कळ जण ते भिंतीसाठी घेऊन येतात.

मग घरासाठी काय घ्यावे? वर्षातून दोन-चार वेळा भिंतीत भोके पाडायची असतील, तर माझ्या मते वायरचे १३ मिलिमीटरचे इम्पॅक्ट ड्रिलच घ्यावे. त्याला पेशन्स लागत नाही. पाच वर्षे माळ्यावर पडले तरी पिनेत घातले की चालते. कपाटाच्या बिजागऱ्या, शाळेची बाके, फळ्याच्या चौकटी, कड्या-कोयंडे अशी लाकूड-लोखंडाची कामे वारंवार निघत असतील, तर १२ व्होल्टचे कॉर्डलेस ड्रिल-ड्रायव्हर हाताला हलके आणि पुरेसे. ३.६ व्होल्टचा नुसता स्क्रू ड्रायव्हर मनगटाएवढाच जोर देतो, सुमारे ४-५ न्यूटन-मीटर. त्याने श्रम वाचतात, जोर वाढत नाही. १८ व्होल्टची यंत्रे ५० न्यूटन-मीटरच्या पुढे जातात. अणी अडकली तर हा सगळा पिळा मुठीवर येतो. मूठ अक्षापासून १५ सेंटिमीटरवर धरली असेल, तर सुमारे ३४ किलो वजनाएवढा झटका! विद्यार्थ्याच्या हाती असे यंत्र देण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घ्यावा. त्यासाठीच पुढच्या बाजूला आकड्यांचे कडे असते. लहान आकड्यावर ठेवले की थोडा विरोध होताच आतला क्लच कटकट आवाज करून घसरतो. स्क्रू प्लायवुडमध्ये रुतत नाही आणि मनगटही वाचते.

व्होल्टच्या आकड्यांना भुलू नये. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला, २००३ साली बॉशने तो छोट्या स्क्रू ड्रायव्हरमध्ये घातला आणि २००५ मध्ये मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टच्या मोठ्या यंत्रांत. या घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरलेला असताना ४.२. पाच घट जोडले की सरासरीने १८ आणि भरल्याबरोबर २१ व्होल्ट. तेव्हा १८, २० आणि २१ असे तीन आकडे छापलेल्या तीन खोक्यांत बहुधा सारखेच पाच घट असतात. तीन घटांचे १०.८ म्हणून विकतात आणि १२ म्हणूनही. ४८ किंवा त्याहून मोठे आकडे लिहिलेली स्वस्त यंत्रे दिसतात, तेव्हा बॅटरीच्या आकाराकडे पाहावे. तेवढे घट त्यात मावतील का, हे डोळ्यांनाच कळते. खरी चौकशी करायची ती वॉट-तासांची, आणि चार वर्षांनी तीच बॅटरी सुटी मिळेल का याची. यंत्र टिकते, बॅटरी मरते. आणि ती निराळ्या कंपनीची बसत नाही.

बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पूर्ण भरून ठेवली तर लवकर. अर्धवट भरून गार जागी ठेवली तर सावकाश. जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या अजून काही घरांत आणि शाळांच्या कार्यानुभवाच्या खोल्यांत पडून असतील. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने हातातल्या यंत्रांसाठी २०१६ च्या अखेरीपर्यंतच त्यांना मुभा दिली होती. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून त्या कचऱ्यात किंवा भंगारात न टाकता विक्रेत्याकडे द्याव्यात.

वर्गात करून पाहण्यासाठी : एक हातभर लांबीची वाकवलेली फोक, सुतळी, दोन सेंटिमीटर जाडीचा गोल दांडा, टोकाला ठोकून चपटा केलेला खिळा आणि वर धरायला करवंटी एवढे घ्या. मऊ लाकडाच्या फळीवर भोक पाडा. एका ओढीत दांडा किती फेरे घेतो ते दांड्यावर खडूची खूण करून मोजा आणि वर केलेल्या हिशेबाशी ताडून पाहा. सुतळी घसरल्यामुळे आकडा कमी येईल. किती कमी येतो, आणि वेढे दोन केले तर काय होते, हे मुलांनाच शोधू द्या.